गोड पत्रे आणि पसंतीची यादी

अमेरिकेतील इस्पितळांत रेसिडेन्सीसाठी होणाऱ्या निवडीचा निकाल दर वर्षी मार्च महिन्यात लागतो. ‘मॅच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या निकालाकडे तेथील विद्यार्थ्यांप्रमाणेच भारतातील अनेक तरुण डॉक्टरांचे व त्यांच्या आईवडिलांचेही डोळे लागलेले असतात. मुलाखती आटोपल्यावर उमेदवार इस्पितळांची आणि इस्पितळे उमेदवारांची क्रमवार यादी देतात. संगणक दोहोंचा मेळ घालतो आणि तो निर्णय उभयतांस बंधनकारक असतो.

ही व्यवस्था १९५२ साली आली, ती हौसेखातर नव्हे. त्यापूर्वीच्या दशकात चांगला विद्यार्थी हातचा जाऊ नये म्हणून इस्पितळे पदवीपूर्वी दोन-दोन वर्षे जागा देऊ करीत आणि पुढेपुढे तर काही तासांत होकार मागत. हा दांडगावा मोडण्यासाठी यादीची पद्धत स्वीकारली गेली.

परंतु नियमाने दार लावले तरी फट उरतेच. ‘आमच्या यादीत आपले स्थान फार वरचे आहे’ अशी पत्रे मुलाखतीनंतर येतात. काही उमेदवारही ‘आपणच माझी पहिली पसंती’ असे अनेक ठिकाणी लिहून मोकळे होतात. आपणहून आवड कळविण्यास नियमांची आडकाठी नाही. दुसऱ्यास त्याचा क्रम विचारण्यास मात्र सक्त मनाई आहे. आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेश ‘नीट’च्या गुणक्रमाने ठरतो, तेथे कोणी विभागप्रमुख गोड पत्र धाडीत नाही. साहजिकच आपला पदवीधर अशा पत्रास वचन समजतो, खरी आवड खाली ढकलतो आणि पुढे पस्तावतो.

वस्तुतः असे करण्याचे काहीच कारण नाही. १९९८ पासून गणनेचा आरंभ उमेदवाराच्या पसंतीपासून होतो. वरची जागा हुकली म्हणून खालच्या जागेवरील त्याची संधी तसूभरही कमी होत नाही. ही सुधारणा करणाऱ्यांपैकी एक अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांना २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा यादी मनाच्या खऱ्या क्रमानेच भरावी, आणि ‘पहिली पसंती’ हे शब्द एकाच संस्थेस लिहावेत.

दोष दोहोंकडे असला तरी तो सारखा नव्हे. जागा ज्याच्या हाती, जबाबदारीही त्याचीच मोठी. पाळावयाचा नसलेला शब्द देण्यापेक्षा इस्पितळांनी मौन राखावे, यातच सभ्यता आहे. रुग्णाशी खरे बोलण्याची दीक्षा जेथे मिळावयाची, तेथून आलेले पहिलेच पत्र दिशाभूल करणारे असू नये.