अंगणातली दहा मिनिटं

ॲम्ब्युलन्स दारात आली की घरच्या माणसांची एकच घाई असते. माणूस गाडीत घाला आणि गाडी सोडा. डॉक्टर मात्र उतरल्यावर आधी हातमोजे चढवतात, रुग्णाजवळ खाली बसतात, तोंड उघडून घशात काही अडकलंय का ते बघतात, बोटाला ऑक्सिमीटर लावतात, हाताची शीर शोधतात. पाच मिनिटं जातात, सात जातात. मागून आवाज येतो, ‘काहून थांबले जी? न्या ना लवकर!’ दहाव्या मिनिटाला तो आवाज चढलेला असतो, आणि कुणीतरी मोबाइलवर चित्रण सुरू केलेलं असतं.

मला आज या दहा मिनिटांबद्दल लिहायचं आहे. १०८ ॲम्ब्युलन्स सेवेवर काम करणाऱ्या माणसाचं कसब जिथं सगळ्यात जास्त पणाला लागतं, तिथंच बघणाऱ्यांना ते दिरंगाई वाटतं. या गैरसमजाची किंमत त्या डॉक्टरला मोजावी लागते आणि रुग्णालाही.

वर्धा जिल्ह्यातलं, सेलू तालुक्यातलं हिंगणी घ्या. एका अंगाला कपाशी-सोयाबीनची शेतं, दुसऱ्या अंगाला बोरचं जंगल. २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्प झालं. बोरधरणाकडे जाणारे पर्यटक हिंगणीवरून जातात, त्यांना गाव रम्य वाटतं आणि ते आहेही. पण पावसाळ्याच्या रात्री या पट्ट्यात कुणाच्या जिवावर बेतलं, तर काय काय आडवं येतं ते इथले लोकच जाणतात. आश्चर्य याचं, की रुग्णालयांच्या बाबतीत वर्धा जिल्हा गरीब नाही. सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली उभं केलेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं महाविद्यालय आणि त्याचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीला आचार्य विनोबा भावे रुग्णालय आहे. साडेतेरा लाखांच्या आतल्या जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयं असणं ही मोठी गोष्ट. इथली माणसं दगावतात ती बरेचदा रुग्णालय नाही म्हणून नव्हे, तर रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर. म्हणून त्या वाटेवर काम करणारी दोन माणसं मला इतकी महत्त्वाची वाटतात.

दोनच माणसं. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक गाडीवर एक डॉक्टर आणि एक चालक असा शिरस्ता आहे. इतर अनेक राज्यांत गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे डॉक्टर असतो. बहुतेक जण आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचे पदवीधर असतात आणि आपत्कालीन उपचारांचं प्रशिक्षण घेऊन गाडीवर येतात. चालकाला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात. तिसरं कुणी नसतं. स्ट्रेचर उचलायला दोघंच. गाडी सुटली की पायलट पुढे, आणि मागे रुग्णाशी झुंजायला डॉक्टर एकटा.

मण्यारच्या दंशाचं उदाहरण सांगतो, कारण ते काम किती अवघड असतं हे त्यातून चांगलं कळतं. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सुजत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते. घरच्यांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. दोन तास असेच जातात, कधी मांत्रिकाकडे आणखी एक. गाडी येते तेव्हा माणसाची छाती जेमतेम हलत असते. विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडतात, पण माणूस आतून शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असतो. प्रतिविष रुग्णालयात मिळेल. राष्ट्रीय उपचारपद्धतीप्रमाणे सुरुवातीलाच १० कुप्या द्याव्या लागतात. पण प्रतिविष शिरेत गेलं म्हणून लुळे स्नायू लगेच हलू लागत नाहीत. तोवर बाहेरून श्वास देत राहणं, एवढाच त्याच्या जगण्याचा आधार असतो.

अशा रुग्णाला तपासायचं सोडून घाईनं गाडीत कोंबलं, तर तो सेलूच्या अलीकडेच संपेल. म्हणून डॉक्टर अंगणात बसतो. मान नीट करतो, घशातली लाळ यंत्रानं ओढून काढतो, मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतोय का ते बघतो, ऑक्सिजन जोडतो. मग अंबू बॅग हातात घेऊन मिनिटाला दहा-बारा वेळा दाबायला लागतो, आणि ती दाबतच गाडीत चढतो. व्हेंटिलेटर मोठ्या, ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणवणाऱ्या गाडीत असतो, साध्या गाडीत नसतो. साध्या गाडीत तो हातच व्हेंटिलेटर. वाट चाळीस मिनिटांची धरली तर चारशेहून अधिक वेळा ती पिशवी दाबायची. एका हातानं मास्क धरून, खड्ड्यांत उसळणाऱ्या गाडीत, लय न मोडता. घाबरून भराभर दाबली तर हवा पोटात जाते, रुग्ण ओकतो आणि ते श्वासनलिकेत उतरतं. मधेच नातेवाईक विचारतात, ‘वाचन का जी?’ त्यांनाही उत्तर द्यायचं असतं, खोटी आशा न लावता आणि धीर न सुटू देता.

फवारणीच्या औषधाचे रुग्ण ही या भागातली दुसरी नित्याची परीक्षा. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा काही दिवस सगळ्यांचं लक्ष गेलं होतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचं विष अंगात गेलं की तोंडाला फेस येतो, छातीत पाणी साचल्यासारखं होतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. कपडे उतरवून अंग साबणानं धुवायला हवं, कारण ते कातडीतूनही शिरतं. पण गर्दीत, चारचौघांदेखत, एखाद्या बाईचे भिजलेले कपडे काढायचे कसे? डॉक्टरला आधी घरातली बाई शोधावी लागते, आडोसा करावा लागतो, चार शब्दांत समजावावं लागतं. ॲट्रोपिनची मात्रा पुस्तकात असते, आडोशाचं पुस्तकात नसतं. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याची घाई गावानं आधीच केलेली असते, तिचे परिणामही निस्तरायचे असतात. आणि त्याच विषाच्या वासात, बंद गाडीत, स्वतः बसून जायचं असतं.

थांबणं हेच दर वेळी बरोबर, असं मात्र नाही. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला आहे. तिथं किंवा साध्या रस्त्यावर अपघातात पोटात रक्तस्राव होत असेल, तर अंगणातली दहा मिनिटं घातक ठरतात. बाहेरून वाहणारं रक्त दाबून धरायचं, मान सांभाळायची आणि निघायचं, कारण अशा रुग्णाचा इलाज शस्त्रक्रियागृहातच आहे. त्याला जवळच्या ग्रामीण रुग्णालयात टेकवून पुढं न्यायचं की थेट सेवाग्राम गाठायचं, हेही काही क्षणांत ठरवायचं. कुठे थांबायचं आणि कुठे एक क्षणही दवडायचा नाही, हे ओळखणारा माणूस आपल्या दारात उभा आहे, एवढा विश्वास गावानं त्याच्यावर टाकायला हवा.

सगळ्यात कठीण प्रसंग तो, जेव्हा गाडी पोचण्याआधीच माणूस गेलेला असतो. डॉक्टर नाडी बघतो, श्वास बघतो, डोळ्यांत उजेड टाकून बाहुल्या बघतो. आणि मग त्याला ते वाक्य बोलावं लागतं. रुग्णालयात त्या वाक्याला भिंती असतात, परिचारिका असते, पाठीशी आणखी डॉक्टर असतात. इथं अंगण असतं, समोर आई असते, आणि भोवती पन्नास माणसं. त्यात १०८ ची गाडी मृतदेह नेत नाही, त्यासाठी शववाहिका वेगळी असते. त्यामुळे गाडी रिकामी परत निघते आणि गावाला वाटतं, यांनी हात झटकले. खरं तर तेवढ्यात दुसऱ्या गावाहून फोन आलेला असतो. आरोग्यसेवकांवर हात उचलणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद महाराष्ट्रानं २०१० सालच्या कायद्यात केली आहे, पण रात्री दोन वाजता पन्नास माणसांच्या मधे उभ्या असलेल्या डॉक्टरला त्या कलमाचा किती आधार? तो सावकाश, स्पष्ट शब्दांत सांगतो, आईच्या शेजारी बसून सांगतो, आणि नीट सांगितलं तर लोक ऐकतात. मला हे शस्त्रक्रियेइतकंच मोठं कौशल्य वाटतं आणि ते वेगळं शिकवायला हवं असं वाटतं.

आता सरकारच्या हिशोबाकडे येतो. एक लाख लोकसंख्येमागे एक साधी ॲम्ब्युलन्स आणि पाच लाखांमागे एक ॲडव्हान्स्ड, हा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकष. महाराष्ट्रात सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी: २३३ ॲडव्हान्स्ड, ७०४ साध्या. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती, म्हणजे साध्या गाड्या अकराशेहून अधिक लागत होत्या. पण मला निकषाचाच पाया चुकीचा वाटतो. वर्धा जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या १३ लाख. एक लाख माणसं इथं जवळपास ४८५ चौरस किलोमीटरवर पसरलेली आहेत. मुंबईच्या उपनगरांत तेवढी माणसं पाच चौरस किलोमीटरमध्ये मावतात. दोन्हीकडे गाडी एकच! डोकी मोजून रस्त्याची लांबी कशी कळणार? जंगलाच्या कडेचा, पांदणीचा, विरळ वस्तीचा भाग वेगळा मोजला पाहिजे. गाडी किती मिनिटांत पोचली, याचे गावनिहाय आकडे जिल्हा प्रशासनानं दर महिन्याला जाहीर केले पाहिजेत. जिल्ह्याच्या सरासरीत हिंगणीसारखी गावं लपून जातात.

आणि हे काम करणारे डॉक्टर व पायलट सरकारचे नोकर नाहीत, ठेकेदार कंपनीचे आहेत. बारा तासांची पाळी, रुग्ण उतरवल्यावर गाडीतलं रक्त-ओकारी धुणं, कॅज्युअल्टीत खाट मोकळी होईपर्यंत अडकून पडलेलं स्ट्रेचर, आणि वर ‘तुम्ही खरे डॉक्टर का?’ हा प्रश्न. हा प्रश्न मला फार टोचतो. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात १९६७ साली ‘फ्रीडम हाउस’ नावाची सेवा सुरू झाली. तोवर तिथं रुग्णाला पोलिसांची गाडी नेई आणि वाटेत त्याच्याकडे कुणी बघत नसे. डॉ. पीटर साफर यांनी शहरातल्या गरीब वस्तीतले, बेरोजगार म्हणून हिणवले गेलेले कृष्णवर्णीय तरुण निवडले आणि त्यांना श्वासमार्ग सांभाळण्यापासून हृदयक्रियेपर्यंत कसून शिकवलं. आज जगभर पॅरामेडिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवसायाच्या पहिल्या पिढीत ते तरुण होते. १९७५ मध्ये शहरानं ती सेवा बंद करून स्वतःची सुरू केली आणि त्यांतल्या बहुतेकांना बाजूला सारलं. काम न बघता माणसाला जोखण्याची चूक तिथं झाली, ती आपण करू नये. वाटेवरचे उपचार हा स्वतंत्र व्यवसाय आहे. २०२१ च्या कायद्यानं देशात आपत्कालीन तंत्रज्ञांना सहयोगी आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिलं. पगार, बढती, विमा आणि दर वर्षीची उजळणी याही गोष्टी त्यामागोमाग यायला हव्यात. १०८ च्या डॉक्टरांनाही हे सगळं मिळायला हवं, आणि पायलटलाही. पावसात, रोही आणि रानडुकरं आडवी येणाऱ्या रस्त्यावर, मागे पिशवी दाबणाऱ्या हाताला धक्का बसू न देता गाडी पळवणं हे साधं ड्रायव्हिंग नव्हे.

गावाच्या हातात काय आहे? बरंच आहे. १०८ चा फोन पुण्यात उचलला जातो. हिंगणी नावाची गावं राज्यात अनेक जिल्ह्यांत आहेत आणि सेलू तालुका परभणीतही आहे, म्हणून पहिल्या वाक्यातच ‘वर्धा जिल्हा’ म्हणायचं, मग तालुका, गाव, आणि दिसणारी खूण. फोन ठेवायचा नाही, बंद तर मुळीच करायचा नाही. एक जण बॅटरी घेऊन डांबरी रस्त्यावर उभा राहील. पांदण चिखलात गेली असेल तर रुग्णाला बंडीवर किंवा खाटेवर डांबरीपर्यंत आणायची तयारी आधी करायची. साप चावलेल्या पायावर करकचून दोरी बांधायची नाही, पाय हलू द्यायचा नाही, वेळ लक्षात ठेवायची. अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय नाव सांगायची सक्ती करू शकत नाही, मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमानं त्याला संरक्षण दिलंय, हेही शाळेत आणि चावडीवर सांगायला हवं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हिंगणीनं आणि आसपासच्या गावांनी एवढा एक विषय घ्यावा: स्ट्रेचर उचलायला रात्री-अपरात्री धावून येतील अशा चार-चार तरुणांची नावं वॉर्डावार ठरवावीत, त्यांना रुग्ण कसा उचलायचा आणि छाती कशी दाबायची ते सेवाग्राम किंवा सावंगीच्या डॉक्टरांकडून शिकवून घ्यावं, आणि १०८ च्या एका डॉक्टरला व पायलटला त्या सभेत बोलवावं. आणीबाणी नसताना, दिवसाउजेडी, खुर्चीवर बसवून, त्यांना अंगणातल्या दहा मिनिटांत ते काय करतात हे गावाला सांगू द्यावं.