भोंगऱ्या बाजार पाहायला सातपुड्यात जाताय? आधी तारीख, ऊन आणि मोबाईल यांचा विचार करा

होळी जवळ आली की मोबाईलवर एकाच प्रकारच्या रील्स फिरू लागतात. मोठाले ढोल, रांगेत नाचणाऱ्या रंगीत पोशाखातल्या मुली, मागे फुललेला पळस आणि खाली कॅप्शन: 'इथे मुलगी पसंत पडली की पळवून नेतात!' मग कमेंटमध्ये प्रश्न येतात. हे कुठे आहे? शनिवार-रविवारी जाऊन येता येईल का?

हा भोंगऱ्या बाजार. जळगाव जिल्ह्यातले चोपडा, यावल, रावेर हे तालुके, धुळ्यातला शिरपूर आणि शेजारचा नंदुरबार जिल्हा (1998 पर्यंत तो धुळ्याचाच भाग होता) या सातपुड्याच्या पट्ट्यात होळीआधीच्या आठवड्यात तो भरतो. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात त्यालाच भगोरिया म्हणतात.

आणि जाऊन येता येतं का? येतं. पण इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

भोंगऱ्या ही एका मैदानावर भरणारी जत्रा नाही. ज्या गावाचा आठवडे बाजार ज्या वारी, त्याच वारी तिथला भोंगऱ्या. सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या. म्हणजे सुट्टी शनिवार-रविवारचीच असेल, तर त्या दोन वारी बाजार असलेलीच गावं हाती लागणार. मागच्या वर्षीची तारीखही कामाची नाही. 2024 मध्ये होळी 24 मार्चला होती, 2025 मध्ये 13 मार्चला. त्यामुळे आधी होळीची तारीख पाहा, मग चोपडा, यावल किंवा शिरपूरमध्ये कुणाला तरी फोन करून गाव आणि वार पक्का करा. जुन्या व्हिडिओखालच्या माहितीवर गाडी काढू नका.

पळवून नेण्याचा बाजार?

नाही. हा मुळात होळीच्या खरेदीचा बाजार आहे. गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगन, नवे कपडे. ऊसतोडीला किंवा गुजरातकडे मजुरीला गेलेली पावरा, भिल्ल कुटुंबं होळीसाठी गावी परततात. कित्येक महिन्यांनी नातेवाईक भेटतात, हातात मजुरीचे पैसे असतात, ढोल आलेले असतात. तरुण पोरं-पोरी एकमेकांना पाहतात, हेही खरं, पण ते कुठल्या जत्रेत होत नाही? लग्न ठरतं ते घरची माणसं आणि पंच बसून, देज ठरवून. 'गुलाल लावला की लग्न झालं' या कथेवर आदिवासी संघटना वर्षानुवर्षं आक्षेप घेत आल्या आहेत.

त्याचा फटका प्रत्यक्ष बसतो तो मुलींना. बाहेरून येणारा माणूस तीच कथा डोक्यात घेऊन येतो आणि कॅमेरा थेट त्यांच्या तोंडासमोर धरतो. चेहरा रीलमध्ये, खाली ते कॅप्शन, आणि ज्या मुलीचा चेहरा आहे ती फक्त बाजाराला आली होती. ढोल वाजवणाऱ्यांचा, गर्दीचा फोटो काढायलाही आधी विचारलेलं बरं. एखाद्या मुलीचा क्लोजअप विचारल्याशिवाय काढूच नये.

नंदुरबारमधली अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी तर आणखी वेगळी. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू, अंगावर नक्षी असे जे बुवा रीलमध्ये 'डान्सर' म्हणून दिसतात, ते होळीआधी काही दिवस व्रत पाळतात, खाटेवर झोपत नाहीत. त्यांच्यासाठी तो नवस असतो.

उन्हाचं काय?

खान्देशात वसंत फार थोडा. मार्च अर्धा सरला की दुपार तापते आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या घरात जातो. बाजार सकाळी लवकर गाठा. धबधब्यांची यादी बाजूला ठेवा, तो पावसाळ्याचा विषय. भरीत पार्टीचा सीझनही थंडीबरोबरच गेलेला असतो, तेव्हा शेवभाजीवर समाधान मानायचं. ते काही वाईट नाही.

मुक्कामासाठी रावेर तालुक्यातलं पाल हा सोयीचा पर्याय. यावल अभयारण्य तिथेच आहे, सुमारे 178 चौरस किलोमीटरचं. या दिवसांत पानगळीने जंगल वाळलेलं असतं. एक विडी किंवा अर्धवट विझलेली चूल वणव्याला पुरते. आणखी उंचावर जायचं तर शहाद्यामार्गे तोरणमाळ, पण घाटाला वेळ धरा.

होळीचा आठवडा हुकला तर दक्षिणेला चाळीसगावकडे वळा. स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे. आयुष्याची जवळपास पन्नास वर्षं घराबाहेर क्वचितच पडलेल्या या छायाचित्रकाराचं काम तिथे पाहता येतं, तेही सावलीत. तिथून 18 किलोमीटरवर पाटणादेवी. याच पाटणमध्ये भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, असं तिथला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख सांगतो. अजिंठा जळगावहून साधारण 60 किलोमीटर. सोमवारी लेणी बंद असतात, आणि खासगी गाडी फर्दापूर फाट्यावर सोडून पुढे बसने जावं लागतं. म्हणून शनिवारी अजिंठा आणि रविवारी सकाळी बाजार, हा क्रम जमतो. अर्थात त्या गावाचा वार रविवार असेल तर.