इन्कॉग्निटो मोडमधले प्रश्न

मेडिकलमध्ये शिरायचं, दुकानातलं शेवटचं गिऱ्हाईक जायची वाट बघायची आणि शेवटी कंडोम न मागता डोकेदुखीची गोळी घेऊन परत यायचं. हॉस्टेलवर हा किस्सा कुणी ना कुणी सांगतोच. आपण हसतो, पण त्यामागची लाज खरी असते. घरी विचारायची सोय नाही. शाळेतही तीच गत. २००७ मध्ये तर राज्यात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर बंदीच आली होती.

मग उरतो मोबाइल. तिथे पॉर्न आहे, मित्रांचं ‘ज्ञान’ही आहे. ‘इमर्जन्सी पिल घेतली की सेफ’ हे त्यातलंच एक. ही गोळी वेळेत घेतली तर गर्भधारणेचा धोका कमी होतो, पण एचआयव्ही किंवा इतर लैंगिक संसर्ग तिने थांबत नाहीत. दोन्हीपासून संरक्षण मिळतं ते कंडोमने. तोही एक्स्पायरी डेट बघून, सुरुवातीपासून वापरला तर. पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवलेला किंवा तेल लावलेला कंडोम फाटू शकतो.

पण योग्य उत्तरंही याच मोबाइलवर आहेत. पुण्याच्या ‘तथापि’ संस्थेने लैंगिकतेवर मराठीतून ऑनलाइन माहिती दिली आहे. ‘एजंट्स ऑफ इश्क’ने तर संमती म्हणजे काय, हे लावणीतून सांगितलं. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून हेच काम करत होते आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. आज तेवढं धाडस लागत नाही, तरी आपली कॉलेजं १ डिसेंबरची रॅली काढून मोकळी होतात. रॅलीत हात वर करून प्रश्न कोण विचारणार? त्यापेक्षा खात्रीशीर ऑनलाइन कार्यक्रमाचा क्यूआर कोड नोटीस बोर्डावर, कँटीनमध्ये, हॉस्टेलच्या जिन्यात लावा. नाव न सांगता विचारता आलं, तर मुलं विचारतील. मुलीही विचारतील.

अर्थात, स्क्रीनवर रक्ततपासणी होत नाही. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गोपनीय राहते. १०९७ ही हेल्पलाइनही मोफत आहे. धोका झालाय असं वाटलं, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा, एचआयव्ही रोखणारी औषधं तेवढ्याच वेळात सुरू करावी लागतात.

आणि एक प्रश्न गुगलला नाही, समोरच्यालाच विचारायचा असतो, ‘तुला चालेल ना?’ उत्तर नाही असेल, तर विषय संपला.