पॅकेजपलीकडचा रस्ता

इंजिनिअरिंगला असलेली आपली मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘भाई, पॅकेज किती मिळेल?’ ज्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत पोहोचलं आहे आणि फीसाठी कर्ज काढलं आहे, तिथे हा प्रश्न येणारच. मीही सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दर महिन्याच्या पगाराची किंमत मला ठाऊक आहे. पण याच पदवीतून आणखी एक रस्ता निघतो. तो प्रयोगशाळेतून जातो आणि कधी कधी थेट सरकारच्या धोरणापर्यंत पोहोचतो. आपल्या मोहल्ल्यात त्याची चर्चा फारशी होत नाही, म्हणून आज एका ऊर्जा शास्त्रज्ञाची कारकीर्द तुमच्यापुढे ठेवतो.

अरुण मजुमदार यांनी १९८५ मध्ये पवईच्या आयआयटी मुंबईतून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि १९८९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पीएच.डी. केली. पुढे तिथेच ते प्राध्यापक झाले. त्यांचा विषय उष्णता. कारखान्यात, गाडीच्या इंजिनात, वीज केंद्रात जळणाऱ्या इंधनाचा मोठा भाग उष्णता बनून वाया जातो. या उष्णतेची थेट वीज करणारे पदार्थ आहेत, पण स्वस्त आणि कार्यक्षम पदार्थ मिळणं अवघड. मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की साध्या सिलिकॉनची, केसापेक्षा सुमारे हजारपट बारीक आणि खरबरीत पृष्ठभागाची तार केली, तर तिच्यातून वीज वाहते पण उष्णता अडते. अशा पदार्थाकडून नेमकी हीच अपेक्षा असते.

इथवर ही एका हुशार प्राध्यापकाची गोष्ट आहे. वळण आलं २००९ मध्ये. बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे प्रमुख, नोबेल विजेते स्टीव्हन चू, ओबामांचे ऊर्जामंत्री झाले होते. ‘आर्पा-ई’ या नव्या सरकारी संस्थेचे पहिले संचालक म्हणून मजुमदार यांची नेमणूक झाली. या संस्थेचा कायदा २००७ चा, पण पहिला मोठा निधी, ४० कोटी डॉलर, २००९ मध्ये मिळाला.

संस्थेची कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ज्या कल्पनेत धोका इतका आहे की खासगी कंपनी पैसा लावायला कचरते, तिला सरकारने थोड्या वर्षांसाठी पैसा द्यायचा. टप्पे आधीच ठरवायचे, वेळोवेळी तपासायचे, आणि काम पुढे सरकत नसेल तर प्रकल्प बंद करायचा. पहिल्याच आवाहनाला सुमारे ३,७०० प्रस्ताव आले. निवडले गेले ३७, म्हणजे शंभरात एक. नव्या प्रकारच्या बॅटऱ्या, सौर आणि पवन ऊर्जेचं तंत्रज्ञान अशा कल्पना त्यात होत्या. जनतेचा पैसा कुठे लावायचा हे ठरवताना त्या टेबलावर विषय जाणणारा माणूस बसलेला होता, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

२०११ मध्ये त्यांच्याकडे ऊर्जा खात्याच्या उपसचिवपदाचा प्रभारी कार्यभार आला. त्या पदावर कायम नेमणुकीसाठी ओबामांनी त्यांचं नाव पाठवलं, पण सिनेटची मंजुरी मिळाली नाही. २०१२ मध्ये त्यांनी सरकार सोडलं. पुढे गूगलमध्ये ऊर्जेचं काम, २०१४ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठ, आणि २०२२ मध्ये तिथल्या नव्या शाश्वतता विद्याशाखेचे पहिले डीन. सरकारात ते जेमतेम तीन वर्षं होते, पण ‘आर्पा-ई’ त्यांच्यानंतरही चालू राहिली.

पवईत सरकारी खर्चाने शिकलेला माणूस दुसऱ्या देशाच्या कामी आला, ही खंत आहेच. पण आपल्याकडे जागा नाहीत असं मात्र नाही. अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र मंत्रालय १९९२ पासून आहे. सौर ऊर्जेची राष्ट्रीय संस्था गुरुग्रामला आहे, पवन ऊर्जेची चेन्नईला. आयआयटी मुंबईतही २०१० पासून सौर विजेवर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्र आहे. सौर प्रकल्प कुणाच्या जमिनीवर येणार, कुणाच्या छतावर पॅनेल बसणार, स्वस्त वीज कोणत्या वस्तीला आधी मिळणार, या निर्णयांचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध आहे.

त्या टेबलावर आपण किती असतो? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशात मुस्लिमांची लोकसंख्या १३.४ टक्के होती, पण आयएएसमध्ये आपलं प्रमाण ३ टक्के आणि आयआयटीत ३.३ टक्के होतं. त्यातच, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप केंद्र सरकारने २०२२ मध्ये बंद केली. त्याविरुद्ध आवाज उठवणं हा नागरिक म्हणून आपला हक्क आहे, आणि तो सोडायचा नाही.

पण ती फेलोशिप परत मिळेपर्यंत थांबून राहणंही परवडणारं नाही. ‘गेट’ उत्तीर्ण होऊन सरकारी संस्थेत एम.टेक. केलं तर दरमहा १२,४०० रुपये मिळतात. नेट-जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. बड्या आयटी कंपनीच्या तुलनेत रक्कम लहान आहे, हे मी लपवत नाही. पण या परीक्षा सगळ्यांसाठी खुल्या आहेत, आणि कुणाच्या ओळखीची गरज लागत नाही.

आई-वडिलांना एक विनंती. मुलगी म्हणाली, ‘अब्बा, मला नोकरीआधी संशोधन करायचं आहे,’ तर लगेच लग्नाचा आणि पगाराचा हिशेब मांडू नका. तिला दोन वर्षं द्या. निर्णयाच्या टेबलावर आपली माणसं हवीत ही मागणी आपण करतोच. तिथे बसायला तयार असलेली माणसं मात्र आपल्याच घरांतून घडवावी लागतील.