मर्लिन, एरंडेल आणि मारुती ८००

छोट्या गाडीत मोठं इंजिन बसवायची खाज जगभर सारखीच आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही गॅरेजवर चहा येईपर्यंत थांबा, असे चार बेत कानावर पडतील. आज आपणही एक बेत करून पाहू.

गाडी घेऊ लोटस सेव्हन. १९५७ साली इंग्लंडात निघालेली ही दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार सुट्या भागांतही मिळायची. घरी आणायची, पाने काढायचे आणि आपली आपण जोडायची. त्यात तयार गाडीवरचा कर वाचायचा! वजन साधारण पाचशे किलो, म्हणजे एखाद्या धडधाकट म्हशीएवढं. आता तिला इंजिन लावू रोल्स-रॉईस मर्लिन, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाचं. बारा सिलिंडर, २७ लिटर, हजाराच्या वर हॉर्सपॉवर आणि वजन सातशे किलोच्या पुढे. गाडीपेक्षा इंजिनच जड. नवरदेवानं घोडा खांद्यावर घेऊन वरातीत निघावं, तशी ही गाडी निघेल.

ते झेपत नसेल तर पहिल्या महायुद्धातलं रोटरी इंजिन घ्या. त्याचा कारभारच उफराटा. आतला क्रँक जागेवर थांबतो आणि अख्खं इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरतं. वंगणाला चक्क एरंडेल, आणि तेही उडून वैमानिकाच्या तोंडावर. त्यानं बिचाऱ्यांची पोटं बिघडत, असं सांगतात. म्हणजे ही गाडी रिसोडहून वाशीमला निघाली तर वाटेत दोनदा थांबणार, आणि दोन्ही वेळा बिघाड गाडीत नसणार.

पण हा खेळ काही लोकांनी खरोखर खेळला आहे. पॅरी-थॉमस नावाच्या वेल्सच्या इंजिनिअरनं २७ लिटरचं लिबर्टी विमान-इंजिन असलेली 'बॅब्स' ही गाडी चालवून १९२६ मध्ये वेगाचा विक्रम केला. पुढच्या वर्षी, ३ मार्च १९२७ ला, तो पुन्हा पेंडाइनच्या वाळूवर उतरला. गाडी उलटली, डोक्याला मार लागला आणि तो गेला. गाडी तिथंच वाळूत पुरली. १९६९ मध्ये ती उकरून काढून पुन्हा चालती केली गेली.

हाच खेळ उलट्या बाजूनं आपल्या शेजारी झाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी. तिथल्या शेख इस्माईल, गावाच्या तोंडी मुन्ना, या वेल्डिंग करणाऱ्या तरुणानं मारुती ८०० चं इंजिन घेऊन हेलिकॉप्टर बांधलं. हे इंजिन ७९६ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आत. दोन माणसांच्या रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टरला पाच लिटरच्या वरचं, शंभर हॉर्सपॉवरच्या पुढचं इंजिन लागतं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पंखा तुटला आणि मुन्नाच्या डोक्यात लागला. वय २४.

त्यानंतर व्हॉट्सअॅपवर दोन गट पडले. एक म्हणाला, 'आपला रँचो गेला.' दुसरा म्हणाला, 'वेडा होता.' मला दोन्ही गट आळशी वाटतात. पहिल्यानं टाळ्या वाजवल्या, दुसऱ्यानं मान हलवली, आणि दोघांनीही व्हिडिओ पुढे ढकलला.

मुन्नाचं शिक्षण आठवीपर्यंतचं. कार्य, ऊर्जा आणि अश्वशक्ती हा धडा येतो नववीत. तो धडा शिकला असता तर वाचला असता, असं मी म्हणणार नाही. पात्याची मजबुती पुस्तकात कळत नाही. ती तपासायला चाचणीची जागा लागते, मध्ये भिंत लागते आणि 'आधी लांबून फिरव' असं सांगणारा उस्ताद लागतो.

यात आपल्या घरांचाही वाटा आहे. चौदाव्या वर्षी पोरगं गॅरेजात गेलं की आपण खुशीनं सांगतो, 'हाताला लागला.' हुनर आला म्हणून दप्तर खुंटीला टांगायचं, हा हिशोब कुणी घातला? हुनर असलेल्या मुलाला तर गणित जास्त लागतं. आयटीआयमध्ये वेल्डरच्या ट्रेडला आठवी पास चालतं, हेही अनेक अब्बांना ठाऊक नसतं.

आणि सरकारी बाजू? अटल टिंकरिंग लॅब सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. शाळा सुटली की तिचं दारही बंद. ज्याच्या हातात आधीच पाना आहे, तोच बाहेर.

माझी मागणी छोटी आहे. आमच्याकडची बरीच गॅरेजं शुक्रवारी बंद असतात. जुम्म्याच्या नमाजनंतर दोन तास आयटीआयची आणि शाळांची ही वर्कशॉपं गॅरेजातल्या पोरांसाठी उघडी ठेवा. तिथं एक निदेशक असू द्या, गॉगल आणि हेल्मेट असू द्या. आम्ही शिक्षक गणित शिकवायला येतो. मशिदीत एलान करायचं काम आमच्या जमातीनं करावं.

पोरं मर्लिन मागणार नाहीत. भंगारातलं मारुतीचं इंजिन त्यांना पुरे आहे.