कळा नसल्या तरी थांबू नका

सातवा-आठवा महिना चालू असतो. कपडे ओले होतात, पोटात मात्र दुखत नाही. लघवीच सुटली असेल असे समजून सून कुणाला सांगत नाही. पुन्हा वुजू करते, नमाजला उभी राहते, तोच परत ओलावा जाणवतो. सासूबाईंना कळले तर त्या म्हणतात, "कळा येऊ देत, मग नेऊ." नवरा आखातात असेल तर त्याच्या फोनची वाट पाहिली जाते. अशा घरांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, म्हणजे पाणमोट, एरवी कळा सुरू झाल्यावर फुटते. ती आधीच फुटली तर जंतूंना आत जायला वाट मिळते. ३७ आठवड्यांपूर्वी असे झाले तर संसर्गाबरोबर अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचाही धोका असतो.

घरी करायचे ते थोडेच. स्वच्छ पॅड घ्या. पाणी केव्हा गेले, त्याचा रंग व वास कसा होता, हे लक्षात ठेवा. आतून धुऊ नका, बोट घालून पाहू नका, शरीरसंबंध टाळा. तपासणीची फाइल घेऊन लगेच निघा. गाडी नसेल तर १०८ वर फोन करा. पाणी हिरवट किंवा लालसर असेल, ताप असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर धोका आणखी मोठा. नाळ बाहेर आलेली दिसली तर ती ओढू नका, आत ढकलू नका. गर्भवतीला गुडघ्यांवर ओणवे करून कंबर वर ठेवा आणि तातडीने रुग्णवाहिका बोलवा.

३४ आठवड्यांपूर्वी आई व बाळ ठीक असतील तर डॉक्टर सहसा बाळंतपणाची घाई करत नाहीत. आईला दाखल करून प्रतिजैविके देतात. बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. त्यांचा पुरता गुण यायला एक-दोन दिवस लागतात. घरी वाट पाहण्यात गेलेला दिवस नेमका हाच असतो. दिवस भरलेले असतील तर बहुतेकींना २४ तासांत कळा येतात. न आल्यास औषध देऊन आणतात.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. म्हणून खर्चाच्या विचारानेही थांबू नये.

भगिनींनो, ही लाजायची गोष्ट नाही. पाणी की लघवी, हे डॉक्टरांना ठरवू द्या. आणि नवऱ्याला फोन जरूर करा, पण गाडीत बसल्यावर.