बार्जवरील हात आणि भरपाईचा हक्क

मांडवीच्या काठी राहणाऱ्यास खनिज वाहणारी बार्ज काही नवी नाही. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी दर्या खवळला की याच बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरून मुरगाव गाठीत आल्या आहेत. आम्ही हे दृश्य आयुष्यभर पाहिले. पण त्या बार्जीचा दोर ओढणाऱ्या हातांचा विचार आमच्या मनात क्वचितच आला, हे कबूल केले पाहिजे.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याचे वडील शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करण्यास आमच्याकडे आले. त्यांनी लेखणी तर्जनी आणि मधल्या बोटात धरली, तेव्हा उजव्या हाताला अंगठा नसल्याचे आमच्या ध्यानी आले. विचारता त्यांनी हकीकत सांगितली. बार्ज धक्क्याला लावताना दोर एकाएकी ताणला गेला आणि दोर व लोखंडी खुंट यांच्यामध्ये अंगठा सापडला. मालकाने इस्पितळाचा खर्च केला, वर पंधरा हजार रुपये दिले आणि 'आता काही येणे नाही' अशा कागदावर सही घेतली. "चूक माझीच, मास्तर. हात वेळेवर काढला नाही," असे ते म्हणाले. या गोष्टीस तेव्हा एकवीस महिने झाले होते.

त्यांची ही समजूत अनेकांची असते, म्हणून आज हा विषय घेतला आहे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याचे मूळ तत्त्व असे की, अपघात कामामुळे व काम करीत असताना झाला असेल तर मालकाचा दोष सिद्ध करण्याची गरज नाही. श्रमिकाच्या हातून साधी गफलत झाली, एवढ्याने त्याचा हक्क जात नाही. तो मद्याच्या अमलाखाली असेल किंवा त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल, तर मालकास हरकत घेता येते. मात्र मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असता तीही चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. पण हे तत्त्व कायम आहे.

आता हिशेब पाहू. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या साठ टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. चाळीस वर्षांच्या माणसासाठी हा गुणक १८४.१७ आहे. अंगठा गमावल्यास कमावण्याची शक्ती तीस टक्के घटली असे कायद्याची अनुसूची मानते. या गृहस्थांचे वय चाळीस, वेतन बारा हजार. म्हणजे त्यांचा हक्क सुमारे ३ लाख ९८ हजार रुपयांचा होता. हाती पडले पंधरा हजार!

आणि सही केलेल्या त्या कागदाचे काय? भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. तडजोड करावयाचीच तर तिची नोंदणी सरकारी अधिकाऱ्याकडे व्हावी लागते. मात्र दावा साधारणतः दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. आमच्या पाहुण्यांपाशी तीनच महिने उरले होते. एका परिचित वकिलांच्या साहाय्याने अर्ज मुदतीत गेला. निकाल अद्याप लागावयाचा आहे.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरचे पुरुष तारवटी म्हणून परदेशी बोटींवर असतात. अशा घरांचाही विचार १९२३ च्या कायद्याने केला होता. समुद्रावर मृत्यू झाला तर त्याची वार्ता घरच्यांस कळल्यापासून एक वर्ष, आणि जहाज सर्व माणसांसह नाहीसे झाले तर ते बुडाले असे मानले गेलेल्या दिवसापासून अठरा महिने, अशी मुदत त्यात होती. किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्यांस बातमी उशिरा मिळते, हे कायदा करणाऱ्यांनी जाणले होते. परदेशी जहाजावरील नोकरीत करारपत्रालाही फार महत्त्व असते. म्हणून त्याची एक प्रत घरी असलीच पाहिजे.

वाचकहो, कायदा पुस्तकात असून भागत नाही. हजेरीपटावर नाव आहे काय, पगाराचा लेखी पुरावा आहे काय, हे बरे दिवस असतानाच पाहून ठेवावे. अपघात होताच मालकास लेखी कळवावे व त्या पत्राची प्रत आपल्यापाशी राखावी. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जपावे. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. ज्यांना कर्मचारी राज्य विमा लागू आहे, त्यांनी मालकाकडे न जाता त्या महामंडळाकडे मागणी करावी. भरपाई मिळण्यास एक महिन्याहून अधिक विलंब झाला तर त्यावर व्याजही मागता येते.

त्या दिवशी निरोप घेताना ते गृहस्थ म्हणाले, "मालक भला माणूस आहे, मास्तर, त्याच्यावर दावा करणे बरे दिसत नाही." आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, मालकाच्या भलेपणाबद्दल आम्हास शंका नाही, पण त्याने दिले ती मदत होती, आणि तुम्ही मागता आहात तो तुमचा हक्क आहे. ही दोन्ही एकाच घरात सुखाने नांदू शकतात.